काळ्या पडद्यावरची दुसरी ओळ

माझ्याबद्दल सगळं काही आपल्याला माहीत आहे, असं माझी बायको चारचौघांत सांगते. मी मान हलवतो. पण ही गोष्ट तिला माहीत नाही. माझ्या भावाला नाही, क्लासमधून शिकून गेलेल्या एकाही मुलाला नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा वय झालं म्हणून. कारण शोधत बसलो तर पुन्हा राहून जाईल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पेणला माझा कॉम्प्युटर क्लास होता. खाली पोहे-पापडांचं दुकान आणि वर आम्ही. शिकवणं उरकलं की मी मशीनं दुरुस्त करायला बाहेर पडायचो. त्या काळात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फार मान होता. खुर्ची पुढे यायची, पंखा माझ्याकडे वळायचा, चहा न मागता यायचा. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू? कामापेक्षा तो मानच जास्त आवडायचा. निम्म्या गोष्टी मला येत नव्हत्या, पण 'येत नाही' हे शब्द मी कधी तोंडातून काढले नाहीत. चेहरा गंभीर ठेवायचा आणि म्हणायचं, "बघावं लागेल." एवढ्यावर निभत होतं.

रोह्याला अप्पांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, असली कामं. अप्पांच्या मेहुण्याने मुंबईच्या एका कंपनीतून जुना कॉम्प्युटर मिळवून दिला होता आणि त्यावर मंदा बसायची. मंदा वडखळजवळच्या खाडीकाठच्या गावातली, घरचे सगळे मिठागरावर. माझ्याच क्लासला शिकली. मराठी टायपिंगला तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. अप्पांकडे तिला मीच लावून दिलं होतं, आणि ते मी लोकांना ऐकवतही असे.

त्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम होत्या. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यादी यायची — वरची ओळ विंडोज ९५ची, खालची विंडोज एनटीची. बाणाच्या कळीने हवी ती निवडायची. मंदा खालची निवडायची. तिचं सगळं काम एनटीत होतं.

छापखान्याचंच काम असतं तर गोष्ट वेगळी होती. पण त्यात तिचं स्वतःचंही एक काम होतं. तिची हौसामावशी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवले म्हणतात — हळदीचे वेगळे, मांडवाचे वेगळे — ते म्हणणारी बाई. बँड आणि मोठमोठे स्पीकर आले, तशी मावशीला बोलावणी कमी झाली होती. तिला लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. मंदा रविवारी तिच्यापाशी बसायची, छापखान्यातल्या रद्दी कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर एकेक धवला उतरवून घ्यायची आणि जेवणाच्या सुट्टीत टाइप करायची. पुस्तक छापून देऊ, असं अप्पा म्हणाले होते. टाइप झालं की तो कागद घरी चुलीत. का ठेवला नाही? कारण मीच वर्गात सांगत असे — कागद हरवतो, कॉम्प्युटरमध्ये सेव्ह केलेलं हरवत नाही. तिने माझं ऐकलं.

मग अप्पांना विंडोज ९८ हवं झालं, नवा स्कॅनर त्याशिवाय चालेना. मी गेलो. ९५ होतं तो डिस्कचा भाग पुसला आणि तिथे ९८ टाकलं. मंदाचं काम दुसऱ्या भागात आहे, तिकडे हात लावायचा नाही, हे मला ठाऊक होतं. लावलाही नाही. पण मशीन पुन्हा सुरू केलं तर यादी आलीच नाही. थेट ९८. एनटी नाही, मंदाच्या फायली नाहीत, डिस्कचा तो भागच कुठे दिसेना.

पाठीमागे अप्पा उभे. शेजारी मंदा. "बघावं लागेल," मी म्हणालो आणि बघत बसलो. काही कळेना. लग्नसराई तोंडावर होती आणि पत्रिका त्या गायब भागात होत्या. "काय झालं?" अप्पांनी विचारलं. आणि — माझी नजर टेबलावरच्या फ्लॉपीवर गेली. मंदा सकाळी गावच्या कुणाची तरी पत्रिका तिच्यात घेऊन आली होती.

"ही कुणी घातली?" मी म्हणालो. "व्हायरस आहे हिच्यात. सगळं खाल्लं त्याने."

मंदाने फ्लॉपी उचलून बघितली. "सर, ही तं तुमच्याच क्लासमधली फ्लॉपी हाय," ती म्हणाली. "मी काय नाय केला."

"क्लासमधून बाहेर पडल्यावर ती कुठे कुठे फिरली, मला काय माहीत?"

हे मी बोललो. ठरवून नाही. पण बोलल्यावर मागेही घेतलं नाही. अप्पांनी त्याच आठवड्यात तिला काढलं.

इथवर चूक झाली आणि खोटं झालं. एवढंच असतं तर कधीतरी, एखाद्या मित्रापाशी, हसत हसत सांगूनही टाकलं असतं. पण एवढंच नाही. इथे मला थांबावंसं वाटतं — नेहमी इथेच थांबतो.

काही दिवसांनी एका कॉम्प्युटरच्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांचं पान वाचत होतो. कुणीतरी नेमकं माझंच दुखणं विचारलं होतं. उत्तर असं होतं : काही गेलेलं नाही. नवी सिस्टिम टाकताना जुनी यादी पुसली जाते, एवढंच. एनटी जागच्या जागी असतं, फक्त ९८ला तो भाग वाचता येत नाही. एनटीच्या सेटअप फ्लॉपींवरून मशीन सुरू करा, दुरुस्तीचा पर्याय घ्या, यादीच्या छोट्याशा फाइलमध्ये ओळी पुन्हा लिहा.

मी रोह्याची एसटी पकडली. शर्टाच्या खिशात एक कोरी फ्लॉपी ठेवली होती — मावशीचे धवले त्यावर उतरवून मंदाला द्यायचे, असं मनात होतं. खरंच होतं. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

अप्पा बाहेरच्या खोलीत छपाईच्या मशीनपाशी होते. आत मी एकटा. मासिकात सांगितलं होतं तसं करत गेलो. मशीन बंद करून चालू केलं आणि काळ्या पडद्यावर यादी आली. दोन्ही ओळी. मला इतका आनंद झाला की टाळी वाजवावीशी वाटली. खालची ओळ निवडली. सगळं होतं. पत्रिका होत्या, अहवाल होते, 'मावशी' नावाचा फोल्डर होता. एक फाइल उघडली. प्रत्येक धवल्याखाली तो कोणत्या विधीचा ते लिहिलेलं. एका ठिकाणी — 'पुढचं मावशीला आठवेना, परत विचारणे.'

"काय सापडतंय का रे?" अप्पांनी बाहेरूनच हाक दिली.

आता बघा. 'होय' म्हणायला काय जात होतं? मोठ्या मुश्किलीने परत आणलं, असं सांगितलं असतं तर अप्पांनी माझी पाठच थोपटली असती. त्यांना यातलं काय कळणार? पण मंदाला कळलं असतं. सगळं खाल्लं म्हटलेल्या व्हायरसने सगळंच्या सगळं परत कसं दिलं, हे तिने विचारलं असतं — मीच शिकवलेली होती ती. नुसते धवले नेऊन दिले असते तरी विचारलं असतं : कुठून आणले? मला लाज वाटली नाही तेव्हा. भीती वाटली. माझ्याच विद्यार्थिनीची.

"नाही अप्पा," मी म्हणालो. "गेलं ते गेलं. तो भाग साफ करून टाकतो, तुम्हाला जागा तरी मिळेल."

आणि साफ केला. असं करताना मशीन विचारतं — नक्की का? मी 'वाय' दाबलं. कुणी घाई केली नव्हती. पाठीमागे कुणी उभं नव्हतं. फ्लॉपी खिशातच होती. उतरवून घेणं चहा गार व्हायच्या आत झालं असतं.

पुढे गंमत अशी की याच कामात माझं नाव झालं. नागोठण्यापासून अलिबागपर्यंत कुणाची सिस्टिम यादीतून गायब झाली की मला बोलावणं यायचं. मी जायचो, चेहरा गंभीर ठेवायचो, यादी परत आणायचो. "सर, देवासारखे आलात," लोक म्हणायचे. मी चहा प्यायचो.

मंदा पुन्हा भेटली ती वडखळच्या नाक्यावर. आम्ही दोघंही बसची वाट बघत होतो. हमरापूरला गणपतींच्या कारखान्यात रंगकामाला जाते, म्हणाली. नखांत गुलाबी रंग बसला होता. मी उगाच घड्याळ बघितलं.

"सर, मावशी शिमग्याच्या आधी गेली," ती म्हणाली. "मी परत लिवाला बसलेली तिच्याजवल. पन तिला निम्मा बी आठवला नाय."

मी रस्त्याकडे बघू लागलो. बस लांबून दिसायला लागली होती. मंदाने पिशवी उचलली, आणि मग थांबली.

"सर, एक बोलायचा राहिला," ती म्हणाली. "माज्या फ्लॉपीनं तुमचा नाव खराब झाला अप्पांकडं. तुमीच मना लावलेली तिकडं. मना माफ करा."

मी म्हणालो, "असू दे."