फ्रीज एकच होता

मंगळवार, सकाळी साडेनऊ, मीटिंग रूम. हजर: प्लांट मॅनेजर देसाई साहेब, कॅन्टीनचे कॉन्ट्रॅक्टर नागवेकर, गेस्ट हाऊसवर स्वयंपाक करणाऱ्या शिवलकर मावशी आणि अॅडमिन ऑफिसर म्हणून मी. फोनवर मुंबईहून मालक. गैरहजर: मिस्टर ली आणि मिस्टर चोई. ते दोघे हॉस्पिटलात सलाईनवर होते.

विषय एकच. सोमवारी पहाटेपासून दोघांना उलट्या-जुलाब सुरू झाले, नव्या मशीनचं काम थांबलं. जबाबदार कोण?

आमची कंपनी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आहे. पॅकिंगची प्लास्टिक फिल्म बनवतो. नवं मशीन कोरियाहून आलं, त्याच्याबरोबर हे दोन इंजिनिअर कमिशनिंगसाठी आले. कमिशनिंग म्हणजे मशीन बसवायचं, चालवून दाखवायचं, सही करून आमच्या ताब्यात द्यायचं. मुदत सहा आठवडे. त्यांचं राहणं-खाणं माझ्याकडे.

मालक शाकाहारी. त्यामुळे कॅन्टीन शाकाहारी. कामगारांपैकी कुणी डब्यात मासे आणले तर त्याने गेटबाहेरच्या स्कूटर स्टँडच्या शेडखाली बसून खायचे, असा लेखी नियम आहे. नियम मीच टाईप केला होता. मी स्वतः सोमवार, गुरुवार सोडून मासे खाते. देसाई साहेब तर दर रविवारी मिरकरवाड्याच्या जेटीवर पिशवी घेऊन दिसतात. फॅक्टरीच्या गेटच्या आत आम्ही सगळे शाकाहारी.

पाहुण्यांना हे समजावणं अवघड गेलं. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासाठी तक्ता केला: काय चालतं, काय चालत नाही. चोईंनी फोनवरच्या भाषांतराच्या अॅपमधून सांगितलं, आम्हाला सगळं चालतं. मग त्यांनीच मला विचारलं, भाजीत थोडं माशाचं पाणी घातलं तर ती भाजीच ना? मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. कॅन्टीनमध्ये ते दोघे लोणचं वाटीभर घेऊन भाजीसारखं खायचे. आठवडाभरात दोघेही वजनाने उतरले. म्हणून गेस्ट हाऊस गेटच्या बाहेर आहे, हे कारण दाखवून मी तिथे भाट्ये गावच्या शिवलकर मावशींना लावलं. मावशी घरून पर्यटकांना जेवणाच्या ऑर्डरी द्यायच्या. हाताला चव अशी, की ली पहिल्याच दिवशी भांडं पुसून जेवले. तिखल्यातलं, म्हणजे माशाच्या तिखट कालवणातलं, तिरफळ त्यांनी उचलून हुंगलं आणि फोनवर एका झुडपाचा फोटो दाखवला. त्यांच्याकडेही माशात असेच दाणे घालतात म्हणे. मावशी मला म्हणाल्या, "बघा, माणसं आपल्यातलीच आहेत ओ. फक्त खातात कायच्या काय."

ते खरं होतं. उकडलेल्या मक्यावर चीज. लसणाच्या पावावर साखर. नूडल्समध्ये बर्फ. मावशी बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी मला रिपोर्ट द्यायच्या.

तर मंगळवारची मीटिंग. मालकांनी फोनवरून विचारलं, "मच्छी शिळी होती का?"

"नाय ओ. रविवारी सकाळी मी स्वतः जेटीवरून घेतलेली. कल्ले लालभडक होते," मावशी म्हणाल्या. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. या खोलीत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"मग झालं कसं?"

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दूध," त्या म्हणाल्या. "दुपारी ली साहेबांनी बांगड्याच्या तिखल्यावर ती चीजची चकती वितळवली आणि वर पेलाभर दूध प्याले. चोई साहेबांनी पण तसंच केलं. मी नको नको म्हणून हात हलवत होते. ते हसत होते. दुधाचं पातेलं मीच पुढे केलं. पाहुणा मागतोय, नाय कसं म्हणू?"

देसाई साहेब खुर्चीत मागे टेकले. "माशावर दूध. मावशी, हे शाळेतल्या पोरालाही कळतं."

"कळतं ना. मला पण कळत होतं."

नागवेकर चटकन म्हणाले, "आमच्याकडचं सगळं व्हेज, साहेब."

"रविवारी संध्याकाळी ते दोघे कॅन्टीनमध्येही जेवले होते," मी म्हणाले.

"व्हेज जेवले होते," देसाई साहेब म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. विषय तिथे संपला.

आता वाचकांना सांगते ते मला त्या खोलीत माहीत होतं. सोमवारी हॉस्पिटलात डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, माशावर दूध प्यायल्याने असं होत नाही, काहीतरी नासलेलं पोटात गेलंय. मग मी हजेरी बघितली. सोमवारी चार कामगार पोट बिघडलं म्हणून आले नव्हते. चौघांनी गेस्ट हाऊसचा मासा पाहिलाही नव्हता. रविवारी संध्याकाळच्या कार्यक्रमाला मात्र चौघे होते.

कार्यक्रम असा: मशीनमधून पहिला रोल निघाला म्हणून मालक खास आले होते. पाहुण्यांकडचं काहीतरी ठेवा, असा हुकूम होता, अर्थात शाकाहारी. मी नेटवरून एक कोरियन सॅलड शोधलं. उकडलेला बटाटा, सफरचंद, काकडी, मका, हे सगळं मेयोनीजमध्ये कालवायचं. मेयोनीज बिनअंड्याचं. नागवेकरांनी ते सकाळी अकराला कालवून ठेवलं. आमच्या माणसांनी लांबूनच बघितलं. "बटाट्यात सफरचंद? उपासाचं आहे काय?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे पनीरकडे वळले. ली आणि चोईंना घरची आठवण झाली असावी. दोघांनी तीन-तीनदा घेतलं. गंमत म्हणून चार कामगारांनी चाखलं.

कॅन्टीनला फ्रीज एकच. दुपारी नागवेकरांनी मला विचारलं होतं, "मॅडम, सॅलड ठेवू की शेटची बासुंदी?" माझ्या वहीत त्या दिवसाच्या यादीत माझ्याच अक्षरात आहे: फ्रीज – बासुंदी. पुढे बरोबरची खूण. सॅलड ऑक्टोबरच्या उकाड्यात पत्र्याखाली संध्याकाळी सातपर्यंत राहिलं.

कॅन्टीनमध्ये प्रत्येक पदार्थाचा नमुना छोट्या डबीत तीन दिवस ठेवायचा असतो. काही झालं तर तपासता यावं म्हणून. सॅलडचीही डबी होती. ती मी सोमवारी दुपारीच लॅबला पाठवली होती. म्हणून मीटिंगमध्ये मी स्वतःला सांगितलं, आधी रिपोर्ट येऊ दे, मग बोलू. सांगायला हे कारण चांगलं होतं.

देसाई साहेबांनी मावशींचा जबाब लेखी घ्यायला सांगितला. मी टाईप केला. मावशी म्हणाल्या, "वाचून दाखवा ओ मॅडम." मी वाचून दाखवला. पाहुण्यांना माशांसोबत दूध दिले, ही माझी चूक झाली. त्यांनी सही केली, अक्षर न् अक्षर जुळवत. मग पेन परत देताना हळूच विचारलं, "त्यांच्या अंगावर पांढरे चट्टे नाय ना उठणार?"

"नाही," मी म्हणाले.

त्याच दिवशी त्यांचं काम बंद झालं. गेस्ट हाऊसही शाकाहारी केल्याचं सर्क्युलर निघालं. ते मीच काढलं.

शुक्रवारी लॅबचा रिपोर्ट आला. बटाट्याचं सॅलड खाण्यास अयोग्य. खाली सही, शिक्का. मी तो देसाई साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, पालथा केला.

"फाईल बंद झाली ना?"

"झाली. पण चुकीची बंद झाली, साहेब."

"मॅडम, शेटना काय सांगू? व्हेज खाऊन पाहुणे आजारी पडले? आणि फ्रीजमध्ये काय ठेवायचं ते कुणी ठरवलं होतं?" ते आवाज न चढवता म्हणाले. "तुमच्यासाठीच बोलतोय."

मी रिपोर्ट उचलला आणि माझ्या कपाटात ठेवला.

ली आणि चोई बरे होऊन कामावर आले. लींनी मला कागदावर एक मासा काढून दाखवला, त्याच्या शेजारी अंबाडा घातलेली बाई. कुठे? मी अॅपमध्ये टाईप केलं, सुट्टीवर. उरलेले दिवस त्यांनी खोलीत पाकिटातल्या नूडल्स खाल्ल्या, डबाबंद माशाबरोबर. मशीन वेळेत ताब्यात आलं. जाताना लींनी माझ्याकडे एक पुडकं दिलं: समुद्रशेवाळाची पाकिटं आणि मिरचीच्या लाल पेस्टचा डबा. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, फिश आंटी.

गेल्या महिन्यात मावशी मला मारुती मंदिराजवळ भेटल्या. हातात पालेभाजी. मी ऑर्डरींचं विचारलं.

"सोडल्या ओ. एकदा हातून झालं, आता लोकांच्या जिवाशी कशाला खेळू? घरी मुलगा बांगडा आणतो, तर त्या दिवशी चहासुद्धा काळाच करते." मग म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या ओ मॅडम. पोलिसात नाय दिलंत."

मला सांगता आलं असतं. रस्त्यात उभं राहून दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हटलं, "येते हं, मीटिंग आहे." मीटिंग नव्हती.

या प्रकरणानंतर कॅन्टीनला दुसरा फ्रीज मंजूर झाला. प्रस्तावात कारण लिहायचं असतं, मी लिहिलं: जागा अपुरी. यातून मी एवढंच शिकले, की नमुना ठेवून उपयोग नाही, तो कुणाला दाखवायचा हे ठरवायला हिंमत लागते, आणि ती यादीत लिहून येत नाही.

दर सोमवारी मी नवी यादी करते. न झालेली कामं मागच्या पानावरून पुढे उतरवते. या आठवड्यात सात कामं होती. सहा झाली. सातवं पुन्हा उतरवलं: भाट्ये, शिवलकर मावशी, पुडकं व रिपोर्टची प्रत देणे.