पिशवी राहिली, पाळी थांबली

“पिशवी काढायला तुम्हाला कोणी सांगितलं?” डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवत विचारलं.

मी आधीच्या दवाखान्याचा कागद पुढे केला. त्यावर ऑपरेशनचा दिवस लिहिलेला होता, येणारा सोमवार. बाईंनी तो वाचला. आणि बाजूला ठेवला.

“वय एकतीस. एक मुलगी. अजून मूल हवंय का?”

“ठरवलं नाही अजून,” मी म्हणाले. शेजारी बसलेल्या संतोषनेही, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मान हलवली.

“मग घाई करायचं कारण नाही. तुम्हाला एंडोमेट्रिओसिस आहे.”

हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक अस्तर तयार होतं आणि पाळीत पडून जातं. तसलंच अस्तर माझ्या गर्भाशयाच्या बाहेरही वाढलं होतं. पाळी आली की तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. डाव्या अंडाशयावर एक लहान गाठ होती. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. आत साचलेलं जुनं रक्त चॉकलेटच्या रंगाचं दिसतं, म्हणून हे नाव.

मला भीती वाटायला हवी होती. पण इतकी वर्षं मला जे होत होतं त्याला नाव आहे, याचंच आधी बरं वाटलं.

मी वराळ्याला राहते. तळेगावजवळ गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधणारी कंपनी आहे, तिथे मी लाइनवर काम करते. आठ तास उभं राहावं लागतं. लग्नाआधीपासून पाळीचे पहिले तीन दिवस मला सरळ उभं राहता येत नसे. कंबर धरायची, उलट्या व्हायच्या, संडासला बसलं तरी आतून सुरी फिरवल्यासारखं वाटायचं. मुलगी झाल्यावर दोन वर्षं बरी गेली, मग पहिल्याहून जास्त सुरू झालं. सुपरवायझरने सांगून ठेवलं होतं की दर महिन्याला असंच चालणार असेल तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट अवघड आहे.

पिशवी काढायला म्हणूनच मी तयार झाले होते. आमच्या गावातल्या कितीतरी बायकांची तिशीतच काढलेली आहे. कोणी त्यात वावगं मानत नाही. कंपनीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी मात्र मला बजावलं, “ऑपरेशनच्या आधी एकदा दुसऱ्या डॉक्टरांना दाखव.” त्या मला दर महिन्याला तिथल्या कॉटवर पाय पोटाशी घेऊन पडलेली बघत होत्या. तळेगावच्या या बाईंचं नाव त्यांनीच दिलं.

बाईंनी उपाय सांगितला तो ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. मूल होऊ नये म्हणून घेतात तीच गोळी, पण मध्ये खंड न पाडता. पाकिटात एकवीस पांढऱ्या गोळ्या असतात आणि सात तपकिरी. पांढऱ्यांत हार्मोन, तपकिरींत नुसतं लोह. पाळी येते ती तपकिरी गोळ्यांच्या दिवसांत. तपकिरी सोडायच्या, एकवीस संपल्या की दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पांढरी घ्यायची. पाळी येणार नाही, बाहेरचं अस्तरही शांत राहील.

त्याआधी त्यांनी बरंच विचारलं. अर्धशिशी आहे का, डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकतं का, बीपी, कावीळ, घरात कोणाला रक्ताची गुठळी झाली होती का, विडी-सिगारेट ओढता का. बीपी मोजलं, वजन केलं. “यातलं काही असतं तर ही गोळी दिली नसती,” त्या म्हणाल्या. “पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, दम लागला, अचानक डोकं फार दुखलं किंवा नजरेत फरक पडला, तर वाट बघायची नाही. लगेच दवाखाना.”

सोमवारचं ऑपरेशन संतोषने फोन करून रद्द केलं.

घरी सासूबाईंना हे पटलं नाही. आम्ही त्यांना आई म्हणतो. पिशवी काढण्याला त्यांनी एका शब्दाने हरकत घेतली नव्हती, गोळीला घेतली.

“रगात अडवून ठेवायचं आसतं व्हय? आत साचलं म्हंजी?”

मलाही तेच वाटत होतं.

पहिला महिना मळमळीत गेला. दुसरा बरा होता. पाळीच्या तारखेला मी कामावर होते, उभी होते, जेवणाच्या सुट्टीत डबाही खाल्ला. मग तिसऱ्या महिन्यात थोडं थोडं डागायला लागलं, रोज. याला स्पॉटिंग म्हणतात आणि सुरुवातीला ते बहुतेकींना होतं, हे बाईंनी सांगितलेलं होतं. पण बारा दिवस झाले तसा माझा धीर सुटला. आई म्हणतात तेच खरं असणार, असं वाटायला लागलं. कोणालाही न विचारता मी गोळी बंद केली.

चार दिवसांनी पाळी आली ती पूर्वीसारखीच. मी लाइनवरच खाली बसले. सिस्टरनी संतोषला फोन केला, पण तो कामासाठी लोणावळ्याला होता. मग आईच रिक्षा करून आल्या आणि मला घेऊन थेट बाईंच्या दवाखान्यात गेल्या. रांगेत बसल्यावर त्या म्हणाल्या, “आज मीच इचारते.”

आणि आत जाऊन त्यांनी विचारलंच. “बाई, हिचं रगात जातं कुटं?”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा कागद घेतला. “मावशी, ते तयारच होत नाही. गोळीमुळे आतलं अस्तर पातळ राहतं. पडायला काही नसतं, म्हणून पाळी येत नाही. साचत काही नाही. उलट पाळी येते तेव्हाच बाहेरच्या गाठीत साचतं.”

“आन पुन्यांदा लेकरू झालं न्हाई म्हंजी?”

“गोळी थांबवली की पाळी परत सुरू होते. गोळीमुळे मूल राहायचं कायमचं बंद होत नाही. या आजाराने मात्र अडचण येऊ शकते, म्हणून तर त्याला दाबून ठेवायचं.”

मला त्या थोड्या रागावल्या. डाग फार दिवस राहिले तर काय करायचं तेही ठरवून दिलं, पण आधी फोन करायचा, मनाने बंद करायचं नाही.

आई चित्राकडे बघत बसल्या होत्या. मग सावकाश म्हणाल्या, “मलाबी आसंच दुखायचं. अठ्ठाविसाव्या वर्साला माजी काढली.”

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मला हे माहीत नव्हतं.

“पिशवीच काढली की अंडाशयंही?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“ते काय ठावं? समदं काडलं म्हनले. मला कुनी इचारलं न्हाई.”

“नंतर अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं?”

“लय. हिवाळ्यातबी पदर भिजायचा. लोक म्हनायची, अंगात उष्णता हाय.”

बाईंनी हाडांचं विचारलं. दोन वर्षांपूर्वी आई अंगणात नुसत्या घसरल्या तर मनगट मोडलं होतं. बाईंनी समजावलं की अंडाशयं लवकर काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात. त्यांनी बेल वाजवून बाहेरच्या मुलीला नवा केसपेपर आणायला सांगितलं. त्यावर आईंचं नाव घातलं आणि हाडांची तपासणी लिहून दिली.

परत येताना रिक्षात आई म्हणाल्या, “तू गोळी घे. मी काय बोलनार न्हाई आता.” पाळीच्या दिवसांत मी पडून राहिले की त्या भांडी आपटायच्या, म्हणून मी त्यांच्यावर कितीदा चिडले होते. स्वतःचं दुखणं कोणी मोजलंच नाही तर दुसरीचं कसं मोजायचं, हे मला त्या रिक्षात कळलं.

याला आता दीड वर्ष झालं. गोळी पुन्हा सुरू केल्यावर डाग पडणं तीन महिन्यांत थांबलं. गाठ गेलेली नाही, लहान झाली आहे. हा आजार मुळापासून जात नाही, सांभाळावा लागतो, असं बाई म्हणतात. बीपी मोजायला मी वेळेवर जाते. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहिलं. आईंची हाडं खरंच ठिसूळ निघाली. त्यांना औषध सुरू आहे.

तुम्हालाही असं दुखत असेल तर सोसू नका. पण मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी आणूनही घेऊ नका. मला चालली ती तुम्हाला चालेलच असं नाही.

मागच्या महिन्यात इंदुरीहून आईंच्या भाचीचा फोन आला. तिच्या सव्वीस वर्षांच्या सुनेला पिशवी काढायला सांगितली होती, दिवसही ठरला होता. मी शिफ्टला होते. घरी आले तर दाराला कुलूप. आई स्वतः इंदुरीला जाऊन त्या मुलीला तळेगावला बाईंकडे घेऊन गेल्या होत्या. मी फोन केला तेव्हा त्या बाकावर नंबरची वाट बघत होत्या.

“धा नंबर हाय,” त्या म्हणाल्या. “पोर घाबरलीया. मी बसलीय तिच्यापाशी. तू जेवून घे.”