शेवाळाची बाजू वर

यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या ओढ्यात, दगडाला पोट चिकटवून राहणारे बोटभर मासे मोजायला मी धुळ्याहून येतो. वाट दाखवायला नाना येतात आणि माझा जीव खातात. दगड उचलून मासा दाखवतात, मग तोच दगड, शेवाळाची बाजू वर करून, हलायचा थांबेपर्यंत बसवत राहतात.

“नाना, आवरा ना! बस जाईल!”

“जाऊ द्या सर. त्यानं घर शे ते.” म्हणे, माशाचं घर आहे ते.

काल वैतागून मी एकटाच पुढे गेलो, भराभर दगड उलटे टाकत मासे मोजले. ओरडायला मागे वळलो, तर नाना वाकून माझे दगड सुलटे करत येत होते.

बस चुकणार हे दिसत होतं. तरी हातातला दगड बसवायला मी खाली बसलो, आणि तो काही केल्या हलायचा थांबेना.