शालूच्या फायली

शालू डबा कधी पूर्ण उघडत नसे. झाकण अर्धं सरकवायची, वांग्याची एक फोड समोरच्याच्या पोळीवर ठेवायची आणि झाकण बंद. "जे द्याचं तेवढंच बाहेर, काका. बाकी घरचं." सानगडीची ही पोरगी साकोलीच्या आमच्या ऑफिसात प्रोग्राम लिहायला आली, तीही याच स्वभावानं.

मी आणि माझे भागीदार भाऊराव राइस मिलसाठी सॉफ्टवेअर करत होतो. सगळा प्रोग्राम जावास्क्रिप्टमधे, एकाच लांबलचक फायलीत. गेटवरचं वजन दुरुस्त केलं की गोदामातलं बिघडे. प्रोग्राममधे दोन्ही वजनांना नाव एकच. शालूनं ती फाईल फोडली. वजनकाट्याची वेगळी, धानाच्या ओलाव्याची वेगळी, पावतीची वेगळी. प्रत्येकीतून लागेल तेवढंच एक्स्पोर्ट, म्हणजे बाहेर. ज्या फायलीला हवं तिनं नाव घेऊन इम्पोर्ट करावं, म्हणजे आत घ्यावं.

भाऊराव चिडले. "एवढे तुकडे काहून केले वो?"

"आता भांडण झालं तं कोण्या घरातलं, ते तरी समजन."

मिलमालक खूश झाले. मग भाऊरावांनी एक नवी फाईल केली. तिच्यात हिशेबाची एकही ओळ नाही. शालूच्या फायलींतून घ्यायचं, तसंच पुढे एक्स्पोर्ट करायचं. वर स्वतःचं नाव. मालकांच्या सभेत ती पडद्यावर दाखवून म्हणाले, "सगळं इथूनच निघते. माझं डोकं आहे हे."

शालूनं माझ्याकडे पाहिलं. मी चहा ढवळत राहिलो. भागीदारी टिकवायची होती. ती नोकरी सोडून गेली. दाखवायला तिच्या नावाचं काही नव्हतं, म्हणून नागपुरात पुन्हा शिकाऊ झाली.

म्हातारपणी मी माफी मागायला गेलो. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. "माफी कायले? जिथं गप्प बसले, तिथंच बोला."

यंदा, मालकांची ती सभा झाली होती त्याच सभागृहात भाऊरावांचा सत्कार झाला. माझ्या हाती माइक आला. म्हटलं, "भाऊराव, धान ओलं असलं तर वजनात कपात कशी होते, तुमच्या फायलीत दाखवा."

"ते... दुसऱ्या फायलीत आहे."

"कोणाच्या?"

ते गळ्यातला हार सारखा करू लागले. मग मी बोललो, सगळं, शालूचं नाव घेऊन. हाराखाली त्यांची मान खाली गेली. मला दया आली नाही.

संध्याकाळी शालूला फोन केला. सभेत झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "काका, त्याचं तोंड कसं झालं होतं? हळूहळू सांगा. मी आयकून राहिली."