आधी मैनाची दाढ

सोमवार, १९ मे २०२५. मैना तांडेलच्या कमरेच्या पिशवीत दोन हजार चारशे रुपये होते. दाताच्या दवाखान्यातला दर तिला आदल्या आठवड्यातच कळला होता: एका दाताचे बाराशे. तिच्या लेकीचे, कीर्तीचे, चार चांगले दात काढायचे होते. सुळ्यामागचा एकेक, वरचे दोन, खालचे दोन. आज उजवीकडचे, पुढल्या सोमवारी डावीकडचे. तेवढी जागा मोकळी झाली की तार बसणार आणि पुढे आलेले दात हळूहळू मागे सरणार.

दर ऐकला तेव्हा मैनाने घासाघीस करून पाहिली होती. "चारांचा एकच वाटा लाव की, डॉक्टरीण. सुटे कशाला मोजते?"

डॉ. यूम्ना हसल्या होत्या. "मैनाताई, वीस वर्षं आमचे अब्बा तुमच्याकडून पापलेट नेतात. एकदा तरी भाव कमी केलात?"

"नाय."

"मग?"

मैनाने बाराशेचा भाव मान्य केला. असं तिच्या आयुष्यात फार वेळा झालेलं नव्हतं.

उरणकडची ही मुलगी एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन पनवेलच्या कोळीवाड्यात आली आणि सहा महिन्यांत सासूची टोपली घेऊन बाजारात बसली. बाजारातल्या जागा नव्याने वाटल्या गेल्या तेव्हा तिच्या वाट्याला गटाराकडचा कोपरा आला. तिने भांडण केलं नाही. तीन दिवस टोपली भर वाटेत मांडली. येणाराजाणारा वळसा घालून जाई आणि ज्यांनी जागा वाटल्या त्यांना शिव्या देई. चौथ्या दिवशी मैना दरवाजाजवळच्या ओट्यावर बसली, ती आजतागायत. माशाचा कल्ला उघडून बघा, पण भाव पाडून मागू नका, हा तिचा नियम. जास्त बोलणाऱ्याला ती सांगे, "काका, पलीकडं कोंबडीचं दुकान हाय."

तिची लेक मात्र बोलतच नसे. कीर्ती तेरा वर्षांची. वरचे दात इतके पुढे की ओठ मिटत नसत. वर्गात तिला 'खवणी' म्हणत. तिने आधी मोठ्याने वाचणं सोडलं, मग हसताना तोंडावर तळहात धरायला लागली, आणि सातवीच्या वर्षात तर साधं बोलतानाही तो हात खाली येईना. एकदा कीर्तीने घरात मीठ मागितलं तेही हाताआडून. त्या दिवशी मैनाने ठरवलं.

विरोध सासऱ्यांचा होता. काशिराम तांडेल म्हणजे एके काळी स्वतःच्या होडीवर हुकूम चालवलेला माणूस. होडी गेली, हुकूम राहिला. "चांगलं दात उपटून फेकायचं? देवानं दिलेलं? आन् वर पोरीच्या तोंडात तारेचं जाळं! त्या पैशात तुझ्या नवऱ्याला खरं जाळं येल."

"तुमचा पोरगा बंदरात कंटेनर मोजतो, बाबा. त्याला जाळं कशाला?"

"पोर बसायची नाय त्या खुर्चीत. बघ तू. रडत घरी येल, आन् पैसे जातील पाण्यात."

"बसंल."

"पैज?"

"पैज."

म्हणून हा सोमवार महत्त्वाचा होता. सोमवारी मासळीबाजारात गिऱ्हाइकांपेक्षा माश्या जास्त, त्यामुळे दिवस मोडल्याचं नुकसान नाही. पण असे सोमवार दोनच उरले होते. एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. मग सुकट-बोंबलावर घर चालवायचं, त्यातून दातांना काय उरणार? तार लावणारे डॉक्टरही जूनच्या पहिल्या आठवड्यात येणार होते. आता चुकलं की गोष्ट दिवाळीवर जाणार, आणि दिवाळीपर्यंत काशिरामचं तोंड कोण बंद करणार?

सकाळी दहाला मायलेकी दवाखान्यात पोचल्या. कीर्तीचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय खाल्लं सकाळी?" डॉ. यूम्नांनी विचारलं.

"काय नाय," मैना अभिमानाने म्हणाली. "माझ्यासंगं सोमवार धरायला लावला तिला. महादेवाचं नाव घेऊन काम केलं की रगत कमी जातं. पाणीसुद्धा नाय दिलं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, उपाशीपोटी इंजेक्शन दिलं तर चक्कर येऊन पडेल ती. आधी पोटभर खाऊ घाला. अर्ध्या तासाने या."

महादेवाची मनातल्या मनात माफी मागून मैना लेकीला खालच्या हॉटेलात घेऊन गेली. मेदूवडा मागवला.

"मी एकटी नाय खाणार," कीर्ती हाताआडून म्हणाली. "माझा उपास मोडला, तुझा पण मोड."

मैनाने वड्याचा तुकडा तोंडात टाकला, जिभेने डावीकडे ढकलला आणि चावू लागली. वरून गार पाणी प्यायली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"आये, तू उजवीकडनं का नाय चावत?"

"सवय."

"सवय नाय. दाढ सडलीय तुझी. रोज लवंग धरते तिकडं. पप्पा बोलला, सहा वरसं झाली."

"खा गप."

"तुला भीती वाटते."

"मला? मैनाला?"

"मंग आधी तुझी काढ. तुझी निघाली की मी बसते. नाय तर मी तोंड उघडणार नाय, धरून बसवलं तरी नाय."

ज्या पोरीचे ओठ मिटत नव्हते ती तोंड न उघडण्याची धमकी देत होती. पण मैनाला हसू आलं नाही. पोरीने नेमक्या गळ्यावर सुरी ठेवली होती. मैना नऊ वर्षांची असताना तिच्या मामाने होडीच्या इंजिनाची पक्कड घेऊन तिची दुखरी दाढ उपटली होती. दोघांनी हात धरले, तिसऱ्याने डोकं. अर्धी दाढ आली, अर्धी आठ दिवसांनी. तेव्हापासून दातवाल्याच्या पाटीखालून जाताना ती रस्ता बदलत असे. हे तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. लवंग स्वस्त होती.

समोर कीर्ती टक लावून बघत होती. मैनाला कोळीवाड्यातल्या ओटीवर बसलेला काशिराम दिसला, पैज जिंकलेला.

"उठ," ती म्हणाली. "तो वडा संपव आन् उठ."

डॉ. यूम्नांनी मैनाची दाढ बघितली, फोटो काढला, रक्तदाब मोजला. "ही काढायलाच हवी. पण ताई, घाई नाही. हिचे पंधराशे होतील, आणि आज तुम्ही कीर्तीचेच पैसे आणलेत."

"पैशाचं मी बघते. तू काढ."

"राहू द्या पैसे. अब्बांना कळलं तर तेच रागावतील मी घेतले म्हणून."

"डॉक्टरीण," मैना खुर्चीत बसता बसता म्हणाली, "मी कधी तुझ्या अब्बाला फुकट मासा दिला? मंग मला फुकट दाढ नको. लिहून ठेव. आन् माझे हात कुणी धरायचे नाय. सांगून ठेवते."

"इथे कुणी हात धरत नाही."

दिवा डोळ्यांवर आला. सुई दिसली तशी मैनाची पावलं खुर्चीच्या टोकावर थरथरायला लागली, चांदीच्या जोडव्यांसकट. कीर्ती पायाशी उभी होती. तिने आईचे दोन्ही अंगठे मुठीत धरले.

"आये, पाय नको हलवू. माझ्याकडं बघ. वीसपर्यंत मोज. कोडी होईपर्यंत."

मैनाने मनात कोलंबी मोजली. एक कोडी झाली, दुसरी झाली. जबडा जड झाला, काहीतरी करकरलं, आणि ती हात वर करून ओरडली, "थांब! तयार नाय मी अजून!"

"कशाला तयार होताय?" डॉ. यूम्नांनी चिमट्यातली दाढ तिच्यापुढे धरली. "ही बघा."

मैना त्या काळ्या पडलेल्या दाढेकडे बघत राहिली. सहा वर्षं घाबरवणारा प्राणी एवढाच होता. तिने हातानेच खूण केली: कागदात बांधून दे.

ती खुर्चीतून उतरली तेव्हा कीर्ती न सांगता चढली. आता पाय आईने धरायचे होते. तोंडात कापसाचा बोळा असल्याने मैनाला एक शब्द बोलता येईना. तिने फक्त बोटांनी मोजून दाखवलं. वरचा दात निघाला तेव्हा बोटं सोळावर होती. खालच्याने वेळ घेतला. कीर्तीच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं, पण तिने तोंड मिटलं नाही.

घरी पोचल्या तेव्हा काशिराम ओटीवरच होता. सून बोलत नाही आणि नातीचे डोळे लाल, हे बघून त्याने जे समजायचं ते समजून घेतलं.

"काय बोल्लो होतो मी? आली रडत. खुर्ची बघूनच पळाली असंल. मैना, तोंड का शिवलंय तुझं? आज पहिल्यांदा या घरात शांतता हाय."

मैनाचा निम्मा जबडा अजून बधिर होता. तिने दोनदा बोलायचा प्रयत्न केला आणि दोनदा लाळच गळली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं उत्तर तोंडातच अडकलं होतं. तिने कमरेची पिशवी सोडली, कागदाची पुडी उघडून ओटीवर ठेवली. दोन छोटे पांढरे दात आणि एक काळी दाढ.

"ही कुणाची?" काशिराम वाकून बघू लागला.

"आयेची," कीर्ती म्हणाली. ओठ सुजलेला, शब्द बोबडे, हनुवटीवर लाळ. "आधी तिची काढली. मंग माझे दोन. रडले मी, पण पळाले नाय. राहिले ते पुढच्या सोमवारी. आन् आजोबा, पैज तुमी हरले."

तिचे दोन्ही हात कमरेवर होते. तोंडासमोर काहीच नव्हतं. काशिरामने नातीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि पुडी परत बांधून दिली. मैनाने ती घेतली आणि आत जाऊन दाढेसाठी हाताशी ठेवलेली लवंगांची डबी परत मसाल्याच्या फळीवर ठेवून दिली.

पुढल्या सोमवारी, २६ मे रोजी, उरलेले दोन दात निघाले. ४ जूनला तार बसली. दाढेच्या पंधराशेपैकी मैनाने बंदीच्या आधीच्या बाजारांत अकराशे पोचते केले. चारशे रुपये बाकी आहेत.