ओळीआधीचा श्वास

माझ्या मामांना स्टुडिओत ब्लेडमास्तर म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी दाढीच्या ब्लेडनं गाण्यांच्या टेपा कापल्या आणि बारीक चिकटपट्टीनं जोडल्या. गायकाची एक ओळ सकाळी चांगली आली, दुसरी संध्याकाळी, तर दोन्ही जोडून सलग गाणं करायचं, हे त्यांचं काम. जोड ऐकू आला की अब्रू गेली. "माझा एक जोड शोधून दाखव," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याचा वीट आला होता. एवढं चांगलं करून ठेवायचं आणि वर शोधायला सांगायचं, हा कुठला न्याय?

मामींचं मात्र सुराशी उभं वैर. त्या भांडी आवरताना गुणगुणू लागल्या की मामा कानांवर हात ठेवत, आणि मामी मुद्दाम आवाज चढवत. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. हॉस्पिटलात, भर दुपारी. मामा उशाशी होते, मी पायाशी. मामींनी काहीतरी बोलायचं म्हणून श्वास घेतला, मामा कान देऊन खाली वाकले, आणि बोलणं काही झालंच नाही.

त्यानंतर मामांना एक खोड लागली. रस्त्यानं जाताना कुठे बाईंचं गाणं लागलं की त्यांचे पाय थांबत. बाई म्हणजे ती मोठी गायिका. आमच्या घरात तिचं नाव कुणी घेत नसे, नुसतं बाई म्हणत. तिच्या शेवटच्या बारा वर्षांतल्या सगळ्या टेपा मामांच्या हाताखालून गेल्या होत्या. शिंप्याच्या दाराशी, औषधांच्या दुकानाबाहेर, मामा मान पुढे काढून उभे राहत. एखादी ओळ सुरू व्हायच्या आधी त्यांचा चेहरा उजळे आणि ओळ सुरू झाली की विझे. गंमत म्हणजे बाईंची तरुणपणातली गाणी लागली तर ते ढुंकूनही बघत नसत. फक्त साठीनंतरची गाणी. म्हातारपणी भक्ती जडली म्हणून मी त्यांची यथेच्छ थट्टा केली, आणि वाढदिवसाला एक रेडिओही आणून दिला. तो ते दिवसभर उशाला घेऊन पडत. आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

बाई गेल्यावर दोन वर्षांनी कंपनीनं त्यांच्या साठीनंतरच्या निवडक चौदा गाण्यांचा संच काढायचं ठरवलं. नाव ठेवलं 'उत्तरार्ध'. जुन्या टेपा बाहेर काढल्या तर त्या चिकट झालेल्या, यंत्रावर फिरवताना वरचा थर सुटत होता. एकदाच वाजतील, तेवढ्यात कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आणि साफ करायचं, असं ठरलं. हे काम करणाऱ्या मुलीनं मामांचा पत्ता शोधून माझ्या फोनवर फोन केला. मी स्पीकर लावून मध्ये ठेवला. ती मामांना मास्तर म्हणत होती आणि भलतीच हुशार होती. तिनं विचारलं की ओळींच्या आधी जे श्वास आहेत ते जरा वेगळे का वाटतात. आवाज एका खोलीतला आणि श्वास दुसऱ्या खोलीतला, असं काहीतरी. जोड दिले आहेत का?

मामांचे कान तांबडे झाले. एवढ्या वर्षांत प्रथमच कुणीतरी त्यांचा जोड पकडला होता.

"जोड कसले?" ते म्हणाले. "टेपेचा दोष असेल. काढून टाक."

तिनं पुन्हा विचारलं, सगळेच काढू का. मामा म्हणाले, सगळे. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मला वाटलं, जुन्या कामाची आठवण आली असेल.

दीड महिन्यानं संच घरी आला. वर बाईंचा पिकल्या केसांचा देखणा फोटो. मी चहा केला आणि पहिलं गाणं लावलं. वाद्यं वाजली, मामा नेहमीसारखे पुढे झुकले. ओळ सुरू झाली. मामा तसेच झुकलेले. दुसरी ओळ, तिसरी ओळ. त्यांनी उठून आवाज वाढवला. दुसरं गाणं लावलं, मग नववं. आवाज काचेसारखा स्वच्छ होता, पण ओळी कशा कुणी न गाता आपोआप उगवल्यासारख्या वाटत होत्या. मामा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गेली. मीच घालवली."

मग त्यांनी सांगितलं. साठीनंतर बाईंना दम लागू लागला होता. गळा शाबूत होता, पण प्रत्येक ओळीआधी छातीतून घरघर येई. मामांनी ती कापली, तर गाणं मेल्यासारखं झालं. श्वासाशिवाय माणूस गातच नाही. मग त्यांनी बाईंचेच तरुणपणीचे श्वास जुन्या टेपांतून काढून लावले, तेही जमेनात. वयस्क आवाजाला पंचविशीतला श्वास शोभत नव्हता. ही खटपट चालली असताना मामी जेवणाचा डबा घेऊन तीन जिने चढून आल्या आणि दारात धापा टाकत उभ्या राहिल्या. बाई हसत म्हणाल्या, यांचाच घ्या की.

तेव्हापासून प्रत्येक गाण्याला मामी माइकसमोर बसत. कानाला हेडफोन लावून बाईंची ओळ ऐकायच्या आणि ओळीआधी बेतशीर श्वास घ्यायच्या. सुराशी वैर असलेल्या माझ्या मामी बाईंच्या प्रत्येक ओळीच्या आधी बसल्या होत्या, आणि सगळं गाव ते ऐकत होतं. ही गोष्ट तिघांतच राहील, असा शब्द बाईंनी घेतला होता. तो मामांनी बायकोच्या श्वासांच्या मूळ टेपा जाळण्यापर्यंत पाळला. तिघांतल्या दोघी गेल्या आणि मामा दुकानांच्या दारांत उभे राहू लागले.

"मग फोनवर सांगितलं का नाही?" मी विचारलं. मला रागच आला होता.

"तिनं जोड पकडला गं," मामा म्हणाले. "मला तेवढंच सुचलं. लपवायचं."

जन्मभर जी हुशारी मिरवली तिनंच त्यांचं घर बुडवलं होतं. घरातली जुनी कॅसेट मी शोधून लावली, तर नुसती खरखर. रेडिओवरही आता नवीच, साफ केलेली गाणी लागत होती.

मी त्यांना स्टुडिओत घेऊन गेले. त्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं. संच बाजारात गेला होता, तो बदलणं आता कुणाच्याच हातात नव्हतं, हे तिनं स्पष्ट सांगितलं. मग ती कॉम्प्युटरकडे वळली. काढलेलं फेकायचं नाही, ही तिची शिस्त होती. चौदा गाण्यांतले सगळे श्वास तिनं एकामागे एक लावून ठेवले होते. वर नाव लिहिलं होतं, 'दोष'.

"हे कुणाचे आहेत, मास्तर?" तिनं विचारलं.

मामा माझ्याकडे बघत राहिले. मी मान फिरवली. शब्द त्यांचा होता, मोडायचा तर त्यांनीच.

"माझ्या बायकोचे," ते म्हणाले.

तिनं 'दोष' पुसलं आणि त्या जागी 'मामी' असं लिहिलं. बहुधा मीच बोलताना तसं म्हणाले असेन. तेवढ्यानं मामांचे डोळे भरून आले.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. तिनं ते सगळे श्वास माझ्या फोनवर पाठवले होते, एकूण चार मिनिटं. मी ती लावली. आधी बरं वाटलं, अगदी मामी जिना चढून दारात आल्यासारखं. एक श्वास, मग दुसरा, मग तिसरा. विसाव्या श्वासाला काहीतरी खटकू लागलं. काय ते कळायला वेळ लागला. सगळे श्वास आत घेतलेलेच होते. सोडलेला एकही नव्हता. गाण्याला तो लागत नाही, म्हणून मामांनीच तेव्हा कापून टाकला होता.

मामी बोलायला म्हणून श्वास घेत होत्या, आणि बोलत नव्हत्या. पुन्हा घेत होत्या. मामा दर खेपेला कान देऊन खाली वाकत होते, त्या दुपारी वाकले होते तसेच.

मला सहन होईना. मी बंद करायला हात पुढे केला.

"थांब," मामा म्हणाले. "तिला काहीतरी सांगायचंय."

मी हात मागे घेतला. संपल्यावर त्यांनी ते परत लावायला सांगितलं.