जेवले का?

आमच्या पाणी तपासायच्या लॅबमधले शिपाई भैया भेटेल त्याला "जेवले का?" असं विचारतात. काचेच्या टाकीतल्या बेडकांनाही. ही जात आता फारशी उरलेली नाही, म्हणून त्यांना जरा जास्तच आदरानं. बेडकांनी गांडूळ गिळल्याशिवाय भैया स्वतःचा डबा उघडत नाहीत.

सोमवारी टाकीत सिलतऱ्याच्या कारखान्यांकडच्या एका तलावाचं पाणी भरलं. नाकासमोर गांडुळं वळवळत राहिली, पण एकाही बेडकानं तोंड उघडलं नाही. साहेब म्हणाले, "नॉर्मल लिख दो."

भैयांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'जेवले नाही', अन् आपला डबा पिशवीत परत ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"दीदी, तुम्ही बी तिकडच्याच नं? म्हणून रोज अर्धा डबा वापस नेता काय?"